मोटर राहू द्या, आधी टायर घासा

निळी गाडी, तिच्यावर पिवळी अक्षरं आणि दारावर 6 हा आकडा. सरळ पट्टीवर ती अशी सुटते की नातू टाळ्या पिटतो. पहिलं वळण येतं, गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते, एक गिरकी होते आणि गाडी सोफ्याखाली. चार वेळा असं झालं की ठरलेलं वाक्य येतं, "आबा, हिला मोठी मोटर बसवू या."

वर्षातले सहा महिने मी मिशिगनला मुलाकडे असतो. उरलेला जन्म भोसरीत टूलरूममध्ये गेला, त्यामुळे घरात काही फिरणारं, घासणारं, आवाज करणारं यंत्र असलं की ते माझ्याकडे येतं. या स्लॉट कारही तशाच आल्या. आसपासच्या दोन-तीन मराठी घरांतही मुलांसाठी असे सेट आहेत आणि त्यांच्या गाड्याही आता माझ्याच टेबलावर येतात. प्रत्येक बापाचा प्रश्न तोच असतो, "काका, कुठली मोटर मागवू?" एकदा सगळ्यांना मिळून लिहून सांगावं म्हणून हा खटाटोप. मोटर मागवू नका. गाडी वळणावर सुटते तेव्हा तिच्यात जोर कमी नसतो, असलेला जोर जमिनीला नीट लागत नसतो. त्यात आणखी जोर घातला तर ती सोफ्याखाली आधीपेक्षा लवकर जाईल, एवढंच.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ट्रॅकच्या मधोमध खाच असते, खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या. गाडीच्या पोटाखाली पुढे एक पातं असतं, त्याला गाइड म्हणतात. ते खाचेत बसतं. त्याच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या बारीक तारा विणून केलेल्या चपट्या वेण्या असतात, त्या पट्ट्यांवर घासत वीज उचलतात. इकडचे लोक या वेणीला ब्रेड म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सूनबाईंनी खरंच पावाचं पाकीट पुढे केलं होतं. मी वेणीच म्हणतो. हातातल्या ट्रिगरने वीज कमी-जास्त होते. स्टिअरिंग नाही, ब्रेकचं पेडल नाही. सगळी कला एका बोटात आणि गाडीच्या जुळणीत.

आता ही निळी गाडी कोणाची ते सांगतो, कारण जुळणीचा धडा तिच्याच इतिहासात आहे. ती 1969ची शेव्हरोले कॅमारो झेड-28. रॉजर पेन्स्कीचा संघ, सुनोको या तेल कंपनीचे रंग आणि चालवणारा मार्क डोनोह्यू. अमेरिकेतल्या ट्रान्स-अ‍ॅम शर्यतींत इंजिनाला पाच लिटरची मर्यादा होती, म्हणून कॅमारोत 302 घन इंचांचं इंजिन आलं. समोर फोर्डच्या बॉस 302 मस्टँग होत्या, पार्नेली जोन्ससारखा तगडा चालक होता. डोनोह्यूने 1968 मध्ये तेरापैकी दहा शर्यती जिंकल्या, 1969 मध्ये सहा, आणि दोन्ही वर्षी शेव्हरोलेने फोर्डला मागे टाकून अजिंक्यपद नेलं. हा माणूस ब्राउन विद्यापीठाचा मेकॅनिकल इंजिनिअर. त्याची पद्धत मला टूलरूमची वाटते. मोकळ्या डांबरी जागेवर ठराविक त्रिज्येचं वर्तुळ आखायचं, गाडी त्यावरून गोल-गोल पळवायची, घड्याळ लावायचं. मग गाडीतली एक गोष्ट बदलायची आणि पुन्हा तेच वर्तुळ, पुन्हा घड्याळ. घड्याळ म्हणेल ते खरं.

पेन्स्कीच्या लोकांनी आणखी एक उद्योग केला होता. गाडीचा पत्रा अ‍ॅसिडमध्ये बुडवून पातळ करायचा, म्हणजे वरचं वजन उतरतं. वजन मग हवं तिथे, खाली ठेवता येतं. नियमात बसणारं होतं का, यावर आजही वाद घालता येईल. डोनोह्यूने पुढे आपल्या पुस्तकाचं नावच 'द अनफेअर अ‍ॅडव्हान्टेज' ठेवलं, तेव्हा त्याला स्वतःला त्यात काही लपवायचं नव्हतं असं दिसतं. ते पुस्तक 1975चं, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रियात सरावाच्या वेळी झालेल्या अपघातानंतर तो गेला.

खरी कॅमारो सुमारे 4.72 मीटर लांब. 1:32 या मापात ती पावणेपंधरा सेंटिमीटरची होते, रुंदी सहाहून थोडी कमी, उंची चारच्या आसपास. ले मान्सला पळणाऱ्या चपट्या गाड्यांशेजारी ही ठेवून बघा. छप्पर उंच, नाक लांब, आणि ते नाक गाइडच्याही पुढे लोंबतं. म्हणजे गाइडपासून मागच्या धुऱ्यापर्यंतचं अंतर गाडीच्या लांबीच्या मानाने कमी. अशी गाडी वळणावर शेपूट लवकर टाकणार, हा तिचा जन्मस्वभाव आहे. स्केलेक्स्ट्रिकची कॅमारो असो, पायोनिअरची असो किंवा मस्टँग असो, त्या काळातल्या अमेरिकन गाडीकडून चपट्या गाडीची अपेक्षा करू नका. तुलना करायचीच तर कॅमारोची मस्टँगशी करा.

गाडी हातात आली की लगेच ट्रॅकवर ठेवायची नाही. आधी उलटी करून बघायची. जुनी, वापरलेली घेत असाल तर पैसे देण्याआधी. मागचं चाक बोटाने हळू फिरवा आणि टायरच्या कडेकडे बघा. कड वरखाली होते का, डावी-उजवीकडे डुलते का? धुरा धरून वर-खाली हलवा, तो ज्यात फिरतो त्या बुशमध्ये किती खेळ आहे ते कळेल. प्लॅस्टिकच्या गिअरला धुऱ्याजवळ बारीक चीर गेलेली असते, भिंगाने पाहा, कारण ती चीर गाडी धावताना टकटक आवाज करते आणि लोक मोटरला दोष देतात. बॉडी ज्या खांबांवर स्क्रूने बसते त्यातला एखादा तुटून चिकटवलेला असतो. मोटरला नाक लावा. जळकट वास आला तर भाव निम्मा करा.

मग काच. आरशाच्या दुकानातून टाकाऊ सपाट काचेचा वीतभर तुकडा आणा, कडा घासून घ्या. गाडी त्यावर ठेवायची, गाइड काचेच्या कडेबाहेर. चारही चाकं टेकतात का? एका कोपऱ्यावर बोट दाबलं की गाडी डुगडुगते का? डुगडुगली तर चेसिस पिळलेली आहे. बऱ्याचदा ती जन्मतःच वाकडी नसते, बॉडीचे स्क्रू आवळून-आवळून पिळलेली असते. स्क्रू सैल केले की अर्धा आजार तिथेच बरा होतो.

यानंतर तिला जशी आहे तशी पळवा. दहा फेऱ्या, एकाच माणसाने, एकाच खाचेतून, एकाच व्होल्टेजला. वेळ वहीत लिहा. ही वही नसेल तर पुढचं काही करू नका, कारण काय सुधारलं आणि काय बिघडलं ते कळणारच नाही. एका बापाने एकाच संध्याकाळी टायर बदलले, शिसं चिकटवलं आणि गिअर हलवला. गाडी आधीपेक्षा हळू झाली. तिघांपैकी चोर कोण? त्याला शेवटी तिन्ही कामं उलटी करावी लागली.

आता टायर. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या हिशेबी गाडीचा पाऊण जीव मागच्या दोन टायरांत असतो. खोक्यातून आलेला टायर गोल दिसतो, गोल नसतो. साच्याच्या जोडाची बारीक शीर त्याच्या मधोमध असते, रिमही थोडी तिरकी असते. टायर रस्त्याला पूर्ण रुंदीने टेकतच नाही, कुठे मधे टेकतो, कुठे कडेला. वेग वाढला की उड्या मारतो. उडी मारताना टायर हवेत असतो, हवेतल्या टायरला पकड नसते, आणि तेवढ्यात शेपूट जाते.

उपाय स्वस्त आहे. टायर रिमवरून उतरवा, रिमचा पृष्ठभाग साफ करा, टायर परत चढवून फेव्हिक्विकचा अगदी पातळ हात द्या, म्हणजे टायर रिमवर घसरणार नाही. रात्रभर सुकू द्या. मग सपाट फळीवर 180 नंबरचा पॉलिशपेपर चिकटवा. गाडीच्या वेण्यांना दोन तारा लावून चार-पाच व्होल्ट द्या, मागची चाकं फिरू लागली की गाडी त्या पेपरावर अलगद टेकवा. दाबायचं नाही. गाडीचं स्वतःचं वजन पुरे. अर्धा मिनिट घासा, मिनिटभर थांबा. सतत घासलं तर रबर तापून चिकट होतं आणि मोटरही तापते. टायरवर आधी पांढऱ्या खडूची रेघ ओढून ठेवा. ती सगळीकडून सारखी पुसली गेली की टायर गोल झाला. शेवटी 400 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलका हात. दोन्ही चाकांचा व्यास व्हर्निअरने मोजा, एकमेकांशी जुळला पाहिजे. आतली आणि बाहेरची कड किंचित गोलसर करा, धारदार कड वळणावर अडकते आणि गाडी पलटते.

हे रबराच्या आणि युरेथेनच्या टायरांना लागू. सिलिकॉनच्या टायरांवर पॉलिशपेपर चालवण्यात अर्थ नाही, ते घासले जात नाहीत. ते नुसते स्वच्छ ठेवायचे, चिकटपट्टीवर फिरवले की धूळ निघते. आणि एक माझी फजिती सांगतो. पहिल्या वर्षी मी जुन्या सवयीने रबराचे टायर तेलाच्या चिंधीने पुसले. दोन दिवस गाडी गोंदासारखी चिकटून पळाली, मी मिशा पिळल्या. आठवड्याने टायर फुगून मऊ झाले आणि रिमवरून निघू लागले. तेल रबर खातं, हे कारखान्यात चाळीस वर्षं पाहिलेला माणूस मी.

पुढच्या टायरांचं काम उलटं आहे. त्यांना पकड नकोच. गाडीला दिशा गाइड देतं, पुढची चाकं फक्त दाखवायला आणि गाडी कलू लागली तर टेकू द्यायला. त्यांची पकड जास्त असेल तर ती गाइडशी भांडतात. त्यांना रंगहीन नेलपॉलिशचा हात द्या, कडक आणि गुळगुळीत होतात. सूनबाईंची बाटली विचारून घ्यावी, न विचारता घेतल्याचे परिणाम मी भोगले आहेत.

गाइड खाचेत पूर्ण खोल बसलं पाहिजे. पुढची चाकं मोठी असतील तर ती गाडीचं नाक उचलून धरतात, पातं अर्धंच खाचेत राहतं, आणि जरा धक्का बसला की बाहेर. चाकं रस्त्याला जेमतेम टेकावीत एवढीच हवीत, लागलं तर पुढचे टायर घासून बारीक करा. वेण्या नव्या असताना स्प्रिंगसारख्या उभ्या राहतात आणि नाक वर ढकलतात. त्या बोटाने चपट्या करा, फक्त मागचं टोक किंचित खाली झुकू द्या. टोकं झिजून पिंजारली तर कात्रीने छाटा. गाडी मधेच खोकल्यासारखी अडखळते तेव्हा दहापैकी नऊ वेळा वेणी किंवा ट्रॅकची पट्टी मळलेली असते. कोरडं फडकं, फार तर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोटर उघडायला बसू नका.

बॉडीचे स्क्रू. हे ऐकून सगळे हसतात, मग करून बघतात आणि फोन करतात. स्क्रू पूर्ण आवळायचे, मग प्रत्येक अर्धा ते एक आटा सैल करायचे. गाडी हातात हलवली की बॉडी खुळखुळली पाहिजे. त्याने होतं असं की उंच, वजनदार बॉडी कलली तरी चेसिसला लगेच ओढून नेत नाही, चाकं आपल्या जागी टेकलेली राहतात. बॉडीची कड चेसिसला कुठे घासत असेल तर तिथे कानस मारा. कॅमारोसारख्या उंच छपराच्या गाडीला याचा जेवढा फायदा होतो तेवढा चपट्या गाडीला होत नाही.

वरचं वजन उतरवणं हा पुढचा टप्पा, पेन्स्कीचा अ‍ॅसिडवाला. आपल्याला अ‍ॅसिड नको. गाडीच्या आत चालकाचा पुतळा, सीट, पिंजरा असा जाड प्लॅस्टिकचा ट्रे असतो, तो सोनाराच्या काट्यावर ठेवून बघा. त्याच्या जागी पातळ पत्र्यासारख्या प्लॅस्टिकचा ट्रे मिळतो. तो बसवला की गाडीचं वजन तर कमी होतंच, पण मोठी गोष्ट म्हणजे ते वरून कमी होतं. गाडी फारच हलकी वाटली तर शिशाची पट्टी चेसिसच्या तळाला, मागच्या धुऱ्याच्या थोडं पुढे, मध्यरेषेवर चिकटवा. दोन-दोन ग्रॅमने वाढवा, प्रत्येक वेळी दहा फेऱ्या आणि वही. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि मुलांकडून हे काम करून घेऊ नका.

लोहचुंबकाबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. बहुतेक गाड्यांच्या पोटाला चुंबक असतं, ते ट्रॅकच्या पट्ट्यांना ओढून गाडी चिकटवून ठेवतं. गाडीचं वजन साधारण 80 ते 100 ग्रॅम असतं, आणि कित्येक गाड्यांत चुंबकाची ओढ त्याहून जास्त भरते. अशा गाडीची जुळणी तपासताच येत नाही, तिचे सगळे दोष चुंबक झाकून टाकतं. गाडी घट्ट, घट्ट, घट्ट आणि मग एकदम हवेत. शेपूट हळूच निघाली, बोटाने सावरली, ही गंमतच मिळत नाही. खऱ्या कॅमारो वळणावर तिरक्या होत पळायच्या, लोक त्याचसाठी तिकीट काढून यायचे. तेव्हा जुळणी करताना चुंबक काढा, व्होल्टेज नऊ-दहावर आणा आणि गाडी शिकवा. लहान मुलं खेळणार असतील त्या दिवशी परत बसवा, माझी हरकत नाही. पण काढलेलं चुंबक टेबलावर टाकून उठू नका. दोन छोटी चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या भिंती मधे धरून एकमेकांना चिकटतात आणि मग ऑपरेशनवाचून गत नसते. झाकणाची डबी, उंच फडताळ.

गिअरला फार वेळ नको. ज्या गाडीत मोटर आडवी असते तिच्यात मोटरवरच्या छोट्या गिअरला, म्हणजे पिनियनला, बहुधा 11 दात आणि मोठ्या गिअरला 36, उभ्या मोटरवाल्यांत 9 आणि 27. दातांत कागदाएवढी फट हवी. बसलेली मोटर चेसिसमध्ये हलत असेल तर ही फट सतत बदलते, म्हणून मोटरला दोन्ही टोकांना गरम गोंदाचा थेंब द्या. बुश चेसिसमध्ये सैल असेल तर तोही चिकटवा, पण धुऱ्यावर गोंद सांडू देऊ नका. तेल म्हणजे शिवणयंत्राचं तेल, टाचणीच्या टोकावर मावेल एवढं, बुशला आणि मोटरच्या दोन्ही टोकांना. टायरांपासून लांब. एवढं झालं की गाडी पाच व्होल्टला अर्धा तास शांतपणे फिरू द्या.

दोन प्रकारच्या गाड्यांना मात्र हात लावू नका. साठच्या दशकात अमेरिकेत या खेळाचं वेड होतं. ऑरोराच्या छोट्या थंडरजेट, कॉक्सच्या शापराल अशा गाड्या त्या काळातल्या आहेत आणि एखाद्या गराज सेलमध्ये बुटांच्या खोक्यात सापडतात. त्यांचे मूळ टायर, मूळ मोटर, मूळ स्क्रू यांची किंमत गाडीहून जास्त असू शकते. पॉलिशपेपर लावण्याआधी जाणकाराला दाखवा. आणि ज्या गाडीचं खोकंही मुलाने जपून ठेवलं आहे ती त्याला विचारल्याशिवाय उघडू नका.

आता शेवटची गोष्ट, खास भारतात सेट नेणाऱ्यांसाठी. गेल्या दिवाळीला मी पुतण्यासाठी इथून एक सेट पुण्याला नेला. पिना बदलणारा अ‍ॅडॉप्टर लावला, भिंतीत खुपसला, चट् असा आवाज आला आणि ट्रान्सफॉर्मरने धूर सोडला. चूक सेटची नव्हती, माझी होती. अमेरिकेतला वीजपुरवठा 120 व्होल्ट, आपला 230. पिनांचा अ‍ॅडॉप्टर फक्त पिना बदलतो. ट्रान्सफॉर्मरच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं ते वाचा. 100-240 असेल तर निर्धास्त लावा, नुसतं 120 असेल तर पुण्यात तेवढ्याच आउटपुट व्होल्टेजचा आणि तेवढ्याच अ‍ॅम्पिअरचा तिथला पुरवठा घ्या. चष्मा लावून वाचा, मी लावला नव्हता.

निळी कॅमारो अजून कधीमधी सोफ्याखाली जाते. पण वहीतल्या पहिल्या पानावरची दहा फेऱ्यांची वेळ आणि कालची वेळ यांत साडेसहा सेकंदांचा फरक आहे, आणि मोटर खोक्यातून आली तीच आहे. तुमच्या मुलाची गाडी घेऊन यायचं असेल तर जरूर या, चहा पाजेन. येताना वही आणा. वही नसेल तर पॉलिशपेपर आणा, 180 आणि 400, माझ्याकडचा संपला आहे.